ओला हिशेब

पहाटे मी पावडर कालवतो. दोन पिंपं.
हातांसाठी पातळ, बाकी सगळ्यासाठी दहापट जालीम.
कालचं उरलेलं ओतून देतो.
शिळ्या क्लोरीनला वास राहतो, जोर राहत नाही,
रिटायर झालेल्या फौजदारासारखा.

मग बूट, एप्रन, नळ, खाटेचे पाय.
आधी घाण पुसायची, मग फवारा,
नाहीतर औषध चिखलाशीच भांडत बसतं
आणि ज्याच्यासाठी आलं तो बिनघोर पडून राहतो.
फवारलं की थांबायचं. दहा मिनिटं, मोजून.
नव्या पोरांना जमत नाही ते थांबणंच.
ओलं झालं म्हणजे झालं, असं वाटतं त्यांना.

नर्स जेनेबा सांगते,
तो जिवंत नाही, वांडी, मेलेलाही नाही.
चरबीचं जाकीट घातलेली चिठ्ठी आहे ती.
वाचणारं शरीर मिळेपर्यंत पडून राहते.
किती दिवस?
उन्हात, पत्र्यावर, काही तास.
सावलीत, वाळल्या रक्तात, काही दिवस.
आणि गादीत?
गादी जाळ, म्हणाली. विचारत बसू नकोस.

केनेमाच्या रस्त्यावरचं आमचं हे केंद्र.
दोन नारिंगी कुंपणं, मधे दोन मीटर जमीन,
तिच्यावर कोणाचाच पाय नाही, म्हणून गवत बरं वाढलंय.
पलीकडे न्यांदा. वय अकरा.
दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा काही नाही.
उद्या ती फवाऱ्याखालून अंघोळ करून बाहेर येणार,
नव्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी.
आतलं काही बाहेर आणायचं नाही. कागद तर नाहीच.

तिच्याकडे मात्र वही होती.
आई, बेंदू, पामतेल विकायची. त्याची उधारी.
आई चार नंबरच्या खाटेवर गेली,
त्या खाटेवर मीच फवारलं होतं.

वाच, मी म्हणालो. पेन काढलं.
ती वारा कापत ओरडू लागली:
मोमो शिंपी, दोन बाटल्या!
लाहाई ड्रायव्हर, पाच, एक फिटली!
पास्टरबाई, अर्धी!
आणि इथे आईनं मासा काढलाय!
कसला मासा?
माहीत नाही! काढा!
मी मासा काढला.
शेपूट कुठल्या बाजूला, तेही विचारून घेतलं.
मग ती जरा थांबली.
वांडी, फवारेवाला. तीन.

हो, मी तेल नेलं होतं. पावसाआधी.
बेंदूनं कधी आठवण केली नाही, मीही केली नाही.
लिहिलं का? विचारलं तिनं.
लिहिलं.

वही संध्याकाळी खड्ड्यात गेली.
दुसऱ्या दिवशी माझी नक्कल घेऊन आम्ही दोघं गावात.
दारं उघडत होती चार बोटं, तेवढीच.
मुलांचा शिवाशिवीचा खेळ आम्हाला पाहून मोडला.
लाहाई म्हणाला, हे अक्षर बेंदूचं नाही.
नाहीच, मी म्हणालो, माझं आहे. देतोस ना?
मोमोनं नोटा काठीच्या टोकाला बांधून पुढे केल्या.
मी त्या पातळ पाण्याच्या बादलीत सोडल्या.
पास्टरबाईनं मासा पाहिला.
बराच वेळ पाहिला. डोळे पुसले.
अर्धीचे नाही, एका अख्ख्या बाटलीचे पैसे दिले
आणि का ते सांगितलं नाही.

शेवटी माझे तीन.
बादलीजवळ उभा राहिलो मी, दहा मिनिटं,
मोजायला कोणी नव्हतं तरी.

तारेवर नोटा वाळत घातल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी.
रंग जरासा उतरला होता.
न्यांदाला सांगितलं, वाळू देत.
तिनं ऐकलं नाही.
एकेक काढून, ओल्याच, मोजत गेली,
ओठांनी आईचे आकडे पुटपुटत,
आणि एका ठिकाणी, आकड्याऐवजी,
बोटानं हवेत मासा.